उन्हाळ कांदा चाळीत पहिल्यांदाच साठवताय? मग भरायच्या आधी हे वाचा

मित्रांनो, दरवर्षी एप्रिल लागला की मला ओळखीच्या पोरांचे फोन सुरू होतात, दादा चाळ भरायचीय, काय काय करू. चाळ म्हणजे कांदा साठवायची फटींची, हवा खेळणारी शेड. तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो. मी निफाड तालुक्यातला, घरी कांदा पिढ्यानपिढ्या आहे, पण वडील होते तोपर्यंत माझं काम म्हणजे ट्रॉली भरणे आणि मार्केटला नेणे, बाकी सगळं ते बघायचे. ते गेल्यावर पहिली चाळ मी एकट्याने भरली आणि त्या वर्षी जुलैच्या मध्यात चाळीखालून काळपट पाणी ठिबकायला लागलं. सकाळी गोठ्याकडे जाताना वास आला, वाकून बघितलं तर खालच्या बांबूच्या फटीतून थेंब थेंब पडत होतं आणि खाली माश्या. एक कप्पा उपसला तर मधला कांदा हातात धरला की बोट आत जायचं. अर्ध्याच्या वर माल उकिरड्यावर गेला.

तेव्हा मला वाटलं चाळ चुकली. चाळ नव्हती चुकली, कांदा ओला भरला होता. ही गोष्ट कळायला मला एक अख्खं वर्ष गेलं, तुमचं जाऊ नये. चाळीत कांदा सुधारत नाही, जसा आत टाकाल तो फक्त तसाच ठेवायचा प्रयत्न चाळ करते. म्हणून खाली चाळीपेक्षा काढणी आणि वाळवणीवर जास्त लिहिलंय.

१. आधी बघा, तुमचा कांदा साठवायचा आहे का

खरिपाचा लाल कांदा आणि रांगडा (उशिराच्या खरिपाचा) यांच्या नादी लागू नका, त्याला पत्ती (वरची साल) पातळ, पाणी जास्त, तो काढला की विकायचा. चाळीत भरायचा तो फक्त रब्बीचा, म्हणजे आपला उन्हाळ (गावठी) कांदा. जातींमध्ये आपल्याकडे एन-२-४-१ जुनी आणि भरवशाची, त्याशिवाय ॲग्रीफाउंड लाईट रेड, आणि राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा शक्ती, भीमा किरण. बियाणं कुणाकडून तरी ‘गावरान आहे, टिकतं’ म्हणून घेतलं असेल आणि जातीचा पत्ता नसेल तर पहिल्या वर्षी सगळाच माल अडकवू नका, थोडा विका, थोडा ठेवा.

२. युरिया आणि पाणी वेळेत तोडा

कांदा टिकणार की नाही हे अर्धं इथंच ठरतं आणि नवीन माणसाला हे कुणी सांगत नाही. नत्र जास्त झालं किंवा उशिरा दिलं की कांदा फुगतो, वजन दिसतं, पण मान जाड राहते आणि जाड मान कधीच पूर्ण वाळत नाही. लागवडीपासून साधारण दोन महिन्यांच्या आत नत्राचे सगळे हप्ते संपवा, त्यानंतर दुकानदार कितीही म्हणाला तरी युरिया टाकायचा नाही. गंधक मात्र लागवडीच्या वेळी जरूर द्या, टिकवणीला फरक पडतो.

पाणी काढणीच्या दोन आठवडे आधी बंद. शेवटी एक पाणी देऊन वजन वाढवायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही व्हायचा. तो कांदा लगेच मार्केटला न्यायचा असेल तर तुमची मर्जी, चाळीत भरायचा असेल तर नको.

३. काढणी

वावरात निम्म्या कांद्याच्या माना पडल्या की काढणीला या. सगळ्या माना पडायची वाट बघितली तर पत्ती उकलते, आणि हिरव्या उभ्या मानेचा काढला तर तो आतून कच्चा असतो, लवकर कोंब येतो. काही जण मान पाडायला वरून ड्रम फिरवतात, त्याने मानेला जखम होते, मी करत नाही.

ठेक्याने काढणी दिली असेल तर स्वतः वावरात उभे राहा. कुदळीचा घाव लागलेला कांदा जागेवरच बाजूला काढायला लावा, नंतर पातीखाली तो दिसत नाही आणि सरळ चाळीत जातो.

४. वाळवण, इथं घाई केली तर पुढचं सगळं वाया

हे दोन टप्प्यांत होतं, आणि लोक पहिला करतात आणि दुसरा सोडून देतात.

पहिला टप्पा वावरात. उपटलेला कांदा पातीसकट ओळीत असा मांडायचा की पहिल्या ओळीच्या कांद्यावर दुसऱ्या ओळीची पात आली पाहिजे, म्हणजे कांदा झाकलेला आणि पात उन्हात. असा तीन ते पाच दिवस. उघडा ठेवला तर एप्रिलच्या उन्हाने एका बाजूला पांढरे चट्टे पडतात, ती जागा नंतर मऊ होते आणि सड तिथूनच सुरू होते. पात हिरवी असताना कापायची नाही, कारण पातीतला रस हळूहळू खाली कांद्यात उतरतो आणि मान स्वतः आवळते.

मग पात कापायची, पण मुळापासून नाही, मानेला एक इंच म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटर देठ ठेवून, जमलं तर मानेला एक पीळ देऊन. मजूर कापताना जोरात असतात, ते अगदी कांद्याला लागून कापतात, कारण तसं पटापट होतं. तसा कापलेला कांदा म्हणजे उघडी जखम, काजळी (काळी बुरशी) त्याच तोंडातून आत शिरते. पहिल्या दिवशी पहिल्या तासात दोन-चार पाट्या ओतून बघा, देठ किती ठेवलाय ते, आणि तेव्हाच सांगा, संध्याकाळी सांगून काही उपयोग नाही.

दुसरा टप्पा सावलीत, दहा ते पंधरा दिवस. झाडाखाली, शेडमध्ये, नाहीतर शेडनेट बांधून, पातळ थर, फार तर दीड-दोन फूट. या दिवसांत वरची पत्ती सुकून कांद्याला घट्ट बसते, रंग चढतो, मान बंद होते. हे दिवस कांदा नुसता पडून आहे असं वाटतं आणि त्यात आभाळ आलं की माणूस घाबरतो. माझं पहिल्या वर्षी नेमकं हेच झालं, वावरातून तीन दिवसांत उचलला, अवकाळीच्या भीतीने सरळ चाळीत टाकला. पाऊस आलाच नाही, आणि कांदा गेला तो गेलाच.

झाला का नाही वाळून, कसं ओळखायचं? कांद्याची मान अंगठा आणि पहिल्या बोटात धरून चोळा. आत काहीतरी ओलसर सरकल्यासारखं लागलं तर अजून चार दिवस. कागदासारखी कोरडी, चपटी लागली तर झालं. आणि पाटीत हात घालून कांदा हलवला की कोरड्या पत्तीचा सळसळ आवाज आला पाहिजे, ओला कांदा मुका असतो. ढिगाच्या वरचा नाही, हात कोपरापर्यंत आत घालून तळातला काढून बघायचा.

काढलेला कांदा वावरात असताना पाऊस पडला तर तो चाळीत भरू नका. वाळवला, वरून छान दिसतोय, तरी नको. तो वेगळा ठेवून पहिल्या महिन्यात विकून टाका. भाव कमी आहे म्हणून जीव तुटतो हे मला माहितीय, पण तो दहा क्विंटल भिजलेला कांदा शेजारचा पन्नास क्विंटल चांगला घेऊन जातो.

५. निवड

चाळीत जायचा तो मध्यम, साधारण साडेचार ते साडेसात सेंटिमीटर जाडीचा, गोल, बारीक मानेचा. बाकी सगळं बाजूला:

– जोड कांदा (मध्ये फट असते, तिथं ओल राहते)
– डेंगळे आलेला (मधला दांडा पोकळ, सरळ आत सडतो)
– जाड मानेचा, चिरलेला, चट्टा पडलेला, पत्ती सुटलेला
– फार मोठा, आणि गोल्टी-चिंगळी (हे बारके मोठ्यांच्या मधल्या फटी बुजवतात आणि हवा अडते, म्हणून)

गोल्टी ठेवायचीच असेल तर वेगळा कप्पा करा. निवडीला मजुरी लागते म्हणून लोक टाळतात, पण हा खर्च ऑगस्टमध्ये तुम्ही तसाही करणारच, तेव्हा सडका हाताने वेचायला मजूर दुप्पट मागतात आणि यायलाही तयार नसतात.

६. चाळ कशी असावी

चाळीचं काम एकच, कांद्याच्या खालून, बाजूने आणि मधून हवा फिरवणे. कांदा जिवंत असतो, श्वास घेतो, त्यातून उष्णता आणि ओल बाहेर पडते, ती निघून गेली नाही की ढिगाच्या पोटात गरम होतं. साधारण २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता असली की उन्हाळ कांदा चांगला राहतो, आर्द्रता त्याच्या वर गेली की सड आणि मुळ्या, खूप खाली गेली की वजन घटतं.

२५ टनांच्या दोन पाखी (दोन ओळींच्या) चाळीचं माप साधारण असं: लांबी १२ मीटर (४० फूट), दोन्ही बाजूंना प्रत्येकी १.२ मीटर (४ फूट) रुंदीचे कप्पे, मध्ये १.५ मीटर (५ फूट) मोकळी बोळ, आणि कांद्याचा थर १.५ मीटरपर्यंतच. ही चार फुटांची रुंदी वाढवायचा मोह अजिबात करू नका. सहा फुटांचा कप्पा केला तर माल जास्त बसतो खरा, पण मधल्या कांद्याला वारं लागतच नाही आणि माझा सडलेला सगळा माल नेमका मधला होता.

बाकी गोष्टी:

– तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर, बांबू किंवा लाकडी पट्ट्यांचा, मध्ये फटी ठेवून. खाली सिमेंटचा कोबा करू नका, वाळू टाका.
– दोन पाखी चाळ पूर्व-पश्चिम, एक पाखी असेल तर दक्षिणोत्तर. जागा उंच, पाण्याचा निचरा होणारी, उसाला किंवा विहिरीला खेटून नको, तिथं ओल कायम असते.
– वर सिमेंटचे पत्रे बरे. लोखंडी पत्रा मे महिन्यात तापतो आणि वरचा थर भाजतो, तोच असेल तर त्यावर उसाचं पाचट टाका.
– पत्रा भिंतीच्या बाहेर तीन फूट तरी आला पाहिजे, नाहीतर पावसाची झड थेट कांद्यावर.

अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटी पोर्टलवर अर्ज. लागणारे कागद: शेतकरी ओळख क्रमांक (फार्मर आयडी), सातबारा आणि आठ-अ, आधार आणि आधारला जोडलेलं बँक खातं, लागू असेल तर जातीचा दाखला. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद लागते, म्हणून ई-पीक पाहणी (मोबाईलवरून पिकाची नोंद) वेळेत करा, ती राहिली की सगळं अडतं. आणि सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे पूर्वसंमती, म्हणजे बांधकामाआधीची लेखी मंजुरी. पूर्वसंमतीचं पत्र हातात यायच्या आधी बांधकाम सुरू केलं तर अनुदान मिळत नाही. आमच्या गावात एकाने ‘निवड झाली’ असा मेसेज आला म्हणून लगेच खड्डे घेतले, पत्र यायचं बाकी होतं, त्याची फाईल परत आली. मेसेज वेगळा, पूर्वसंमती वेगळी. बांधकामाची पक्की बिलं जपून ठेवा आणि माप मंजूर आराखड्याप्रमाणेच ठेवा, तपासणीला येणारे टेप लावून मोजतात.

७. भरणी

आधी चाळ रिकामी करून झाडा, गेल्या वर्षीचा पाचोळा, सडकी पत्ती एक कण राहायला नको, काजळीचं बी त्यातच असतं. एक-दोन दिवस उन्हं खाऊ द्या.

भरताना कांदा उंचावरून टाकायचा नाही. ट्रॉलीतून फावड्याने ढकलला की खालच्याला मार बसतो, मार वरून दिसत नाही, पण महिन्याने तिथं डाग येतो. पाटीने नाहीतर क्रेटने, कप्प्याच्या तळापर्यंत वाकून ओतायचा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी भरा, दुपारचा तापलेला कांदा ती उष्णता आत घेऊन जातो. आणि थर पाच फुटांच्या वर नको, मी पहिल्या वर्षी सात फूट नेला होता, खालचे दबून गेले.

कांद्यावर पावडर मारायची पद्धत खूप आहे. माझं स्पष्ट मत आहे, ओला कांदा कुठल्याच पावडरने वाळत नाही, आणि कीटकनाशकाची पावडर खायच्या वस्तूवर मारणं चूकच आहे, तो कांदा कुणाच्या तरी ताटात कच्चा जाणार आहे.

एक सवय लावून घ्या. जाळीच्या तीन पिशव्यांत प्रत्येकी दहा किलो कांदा मोजून भरा, एक पिशवी वर, एक मध्ये, एक बोळीच्या बाजूला अशी ठेवा की हात घालून काढता येईल. दर महिन्याला वजन करायचं आणि वहीत लिहायचं. चाळीत नेमकं किती राहिलंय हे अंदाजाने कळत नाही, या पिशव्या सांगतात.

८. मे ते ऑक्टोबर, प्रत्येक महिन्याचा त्रास वेगळा

मे-जून गरम आणि कोरडा, तेव्हा वजन घटतं. त्याला फार काही करता येत नाही, पश्चिमेकडून तिरपं ऊन येत असेल तर शेडनेट लावा, बस.

जुलै-ऑगस्ट सडीचे महिने. हवेत ओल, ऊन नाही, झड येते. झड यायला लागली की बाजूने पोती किंवा नेट सोडा, आणि पाऊस उघडला की लगेच वर गुंडाळा. हे लगेच महत्त्वाचं आहे. बरेच जण जूनमध्ये प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी बांधून टाकतात आणि पोळ्यापर्यंत सोडतच नाहीत, आत कांद्याला घाम फुटतो, कागदाच्या आतल्या बाजूला पाणी जमतं. त्यापेक्षा थोडी झड लागलेली परवडली.

रोज सकाळी बोळीतून एक चक्कर मारा, नाकाने. चांगल्या चाळीचा वास कोरडा, थोडा मातीसारखा असतो. आंबट, कुजका वास आला की तो कुठून येतो ते शोधा, खाली वाकून तळाच्या पट्ट्या ओल्या आहेत का बघा, आणि तेवढाच भाग उपसून साफ करा. उगाच सगळी चाळ खालीवर करू नका, प्रत्येक वेळी हात लागला की पत्ती सुटते आणि पत्ती गेलेला कांदा उघडा पडतो. काळी पूड (काजळी) वरच्या पत्तीवरच असेल तर तो कांदा कोरडा ठेवून लवकर विकता येतो, आतपर्यंत गेली असेल तर फेका.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री गार व्हायला लागल्या की कोंब. कांद्याची झोप संपलेली असते आणि १० ते २० अंशांच्या गारव्यात कोंब सगळ्यात जोरात येतो. इथं चाळीचा फारसा इलाज नाही, ही विकायची वेळ आहे.

कोंबावरून दोन गोष्टी, कारण हे प्रश्न नेहमी येतात. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं कृषक विकिरण केंद्र आहे, २००२ सालापासून. विकिरणाने कोंब थांबतो, पण कांदा काढल्यानंतर लवकर, झोपेत असतानाच न्यावा लागतो, आणि सड त्याने थांबत नाही, म्हणजे वाळवण पुन्हा आलीच. दुसरं, कोल्ड स्टोरेज. कांद्याला शून्य ते दोन अंश आणि कोरडी हवा लागते, बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ओल खूप जास्त असते, तिथं कांदा ठेवू नका. शिवाय गार कांदा बाहेर काढला की त्यावर दव जमतं आणि थोड्याच दिवसांत कोंब येतो, काढला की लगेच खपायची सोय असेल तरच हा मार्ग.

९. कधी विकायचा, आधी घटीचा हिशोब मांडा

साध्या चाळीत चार-पाच महिन्यांत घट, सड, कोंब मिळून ३० ते ४० टक्क्यांपर्यंत माल जाऊ शकतो. समजा एप्रिलमध्ये १०० क्विंटल कांदा आहे आणि भाव १,२०० रुपये, म्हणजे हातात १ लाख २० हजार. तोच ठेवला आणि ३० टक्के गेला, उरला ७० क्विंटल. तेवढेच पैसे यायला भाव १,७१५ च्या आसपास पाहिजे, आणि त्यात मजुरी धरलेली नाही. नवीन माणूस फक्त १,२०० आणि १,७०० बघतो आणि पाचशे सुटले म्हणतो, तिथं काहीच सुटलेलं नसतं. म्हणून त्या तीन पिशव्यांचं वजन दर महिन्याला या हिशोबात टाका.

आणि सगळा माल एका भावाच्या आशेवर धरून ठेवू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली, ते आधी कुणाला माहीत होतं? मी आता तीन भाग करतो: ज्याच्याबद्दल शंका आहे तो जूनच्या आत, मधला जुलै-ऑगस्टमध्ये, आणि सगळ्यात कोरडा, डबल पत्तीचा सप्टेंबर-ऑक्टोबरला. कप्पे भरतानाच हे तीन भाग वेगळे ठेवावे लागतात, एकत्र भरले तर नंतर जमत नाही.

मार्केटला नेताना आदल्या दिवशी निवडून घ्या आणि ट्रॉलीत वर एक, खाली एक असा माल घालू नका. व्यापारी ट्रॉलीत हात खुपसून तळातला कांदा काढतो, कोंबाचा एक निघाला की बोली तिथंच थांबते. मान कापून आतला कोंब किती वर आलाय ते तुम्ही आधीच दहा-वीस कांदे चिरून बघा. कोंब अर्ध्याच्या वर गेला असेल तर त्या कप्प्याचा माल त्याच आठवड्यात बाहेर काढा.

माल संपला की चाळ त्याच दिवशी झाडून घ्या, सडका कांदा आणि पत्ती वावराच्या बांधावर न टाकता खड्ड्यात पुरा. पुढच्या रोपांवर तीच बुरशी येते. तळाच्या पट्ट्या, बांबू कुजलेत का ते तेव्हाच बघून बदला, एप्रिलमध्ये सुतारही मिळत नाही आणि वेळही नसतो.